घराजवळचा चढ

मागील अंकात सपाट रस्त्यावरील सायकल आणि गुडघ्यांचे आरोग्य यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न पुनःपुन्हा आढळला. ‘आमच्या गावात सपाट रस्ता आहेच कोठे? घराबाहेर पडले की एक तर चढ, नाही तर उतार. साठी उलटल्यावर अशा ठिकाणी सायकल चालवावी की सोडून द्यावी?’ एका वाचक भगिनींनी पुढे लिहिले होते, ‘मला सासूबाईंना सोडून तासाभराहून अधिक बाहेर राहता येत नाही. लांब जाऊन सपाट रस्ता शोधणे मला शक्य नाही.’

हे दुसरे पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण त्यांची अडचण तीच माझीही आहे. म्हणून आज सल्ल्याआधी थोडी स्वतःची हकीकत सांगते.

माझे वय अडुसष्ट. शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेले आणि त्यातील बहुतेक वर्षे मी शाळेत सायकलनेच गेले. पुण्यात आमच्या पिढीच्या स्त्रियांना त्यात काही विशेष वाटत नसे. यजमान पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांच्या आखणीत त्यांची नोकरी गेली. नऊ वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले. आता घरात आम्ही दोघेच असतो. मुलगी नाशिकला आहे. सकाळी सहा वाजता मदतीच्या मावशी येतात आणि साडेसातला पुढच्या घरी जातात. दिवसाच्या चोवीस तासांतील तेवढे नव्वद मिनिटे माझे स्वतःचे असतात.

या नव्वद मिनिटांत मी आधी सपाट रस्त्याने वारज्याकडून कोंढवे-धावड्याकडे जात असे. रस्ता चांगला आहे, परंतु शरीराला पुरेसा व्यायाम व्हावा एवढे अंतर कापायचे तर वेळ पुरत नसे. शिवाय परतताना वाहनांची गर्दी सुरू झालेली असे. घड्याळाकडे पाहत, जीव मुठीत धरून घर गाठायचे, हा व्यायाम नव्हेच. तेव्हा ‘हे’ एकदा म्हणाले, “अगं, लांब कशाला जातेस? वर जा. उंचीला अंतर लागत नाही.”

आजच्या लेखाचा गाभा त्यांच्या या एका वाक्यात आहे. ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे, त्याला घराजवळचा लहानसा, सौम्य चढ हा लांबच्या सपाट रस्त्याहून अधिक उपयोगी पडतो. मात्र तो चढ नीट पारखून निवडावा लागतो, आणि त्याहूनही काळजीपूर्वक उतरावा लागतो. ही दुसरी गोष्ट मी मोडलेल्या मनगटाची किंमत देऊन शिकले. ती हकीकत पुढे येईल.

चढ म्हणजे नेमके किती?

चढाची भीती वाटते, कारण आपण तो डोळ्यांनी मोजतो. डोळे फसवतात. समोरून पाहिलेला रस्ता भिंतीसारखा उभा वाटतो आणि तोच बाजूने पाहिला तर सौम्य दिसतो. अभियंते चढ प्रमाणात मोजतात. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढली, तर तो ‘वीसला एक’ चढ झाला, म्हणजे शेकडा पाच. आपल्याकडील डोंगराळ भागातील मोठे रस्ते साधारणपणे याच प्रमाणाच्या आसपास आखण्याचा प्रयत्न असतो. नाइलाज असेल तेथेच त्याहून तीव्र चढ देतात.

तुलनेसाठी बोरघाटातील रेल्वेचे उदाहरण घ्या. कर्जत ते लोणावळा हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा चढ सदतीसला एक, म्हणजे शेकडा तीनहूनही कमी आहे. तरीही गाड्यांना तेथे मागून ढकलणारी जादा इंजिने लावावी लागतात. लोखंडी रुळांवर धावणाऱ्या गाडीला जो चढ अवघड जातो, तो आपल्या पायांना जाणवला तर त्यात वयाचा दोष मानू नये.

सायकलस्वार आणि सायकल मिळून वजन ऐंशी किलो धरले, तर वीसला एक चढावर सुमारे चार किलोचा भार आपल्याला सतत मागे ओढत असतो. दहाला एक चढावर हाच भार आठ किलो होतो. म्हणून माझ्या वयाच्या नवशिक्यांनी वीसला एक ही आपली मर्यादा मानावी. पंचवीसला एक, तीसला एक असा चढ मिळाला तर अधिक उत्तम.

नकाशावर चढ कसा शोधावा?

आमच्या घरी भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा आहे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. त्यावरील तपकिरी वळणदार रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरील सर्व ठिकाणे सारख्याच उंचीवर असतात आणि लगतच्या दोन रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक असतो. शाळेत हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला, पण स्वतःच्या पायांसाठी त्याचा उपयोग करावा हे कधी सुचले नव्हते.

रस्ता या रेषांना जेथे जेथे छेदतो, तेथले अंतर रस्त्यानेच मोजावे. दोन छेदांमध्ये एक सेंटिमीटर अंतर असेल, तर पाचशे मीटरमध्ये वीस मीटर चढ आहे, म्हणजे पंचवीसला एक. असा रस्ता आपल्यासाठी योग्य. हेच अंतर अर्धा सेंटिमीटर असेल, तर चढ दुप्पट. तेथे जाऊ नये. वीस मीटर म्हणजे इमारतीचे सुमारे सहा-सात मजले. हे मजले आपण जिन्याने एकदम न चढता अर्ध्या किलोमीटरवर पसरून चढतो, एवढाच फरक. ज्यांच्याकडे असा नकाशा नाही, त्यांनी घरातील तरुणांना मोबाइलवरील नकाशात रस्त्याची उंची दाखवायला सांगावे. नातवंडांना हे काम मोठे आवडते.

नकाशा न पाहताही काही गोष्टी ओळखता येतात. त्या मला यजमानांनी शिकवल्या. कालव्याकाठचा रस्ता जवळजवळ सपाट असतो, कारण कालव्याचा उतार हजारो मीटरमागे एखादा मीटर इतकाच ठेवलेला असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तेथून आरंभ करावा. नदीकाठाने उगमाकडे जाणारा रस्ता हळूहळू चढत जातो. पुण्याहून खडकवासल्याकडे जाताना पाय थोडे जड वाटतात आणि येताना हलके, त्याचे कारण वारा नव्हे, मुठा नदी आहे. आणि जो रस्ता एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जातो, त्याला मधली खिंड चढावीच लागते. खरा चढ तेथे असतो. प्रथम कालवा, मग नदी, मग खिंड, या क्रमाने पुढे जावे.

चौथी खूण रस्त्याच्या वयाची. बैलगाड्यांच्या काळापासून चालत आलेले रस्ते सहसा वळणे घेत, डोंगराला बगल देत चढतात, कारण बैलांना उभा चढ ओढवत नसे. अलीकडच्या वसाहतींमधील अंतर्गत रस्त्यांचे तसे नाही. मोटार चढते एवढे पाहून ते थेट टेकडीवर नेलेले असतात. असा सिमेंटचा छोटासा रस्ता घाटाहूनही तीव्र असू शकतो.

माझे मनगट

अशाच एका रस्त्याने मला धडा दिला. कोथरूडमध्ये पौड रस्त्यापासून वेताळ टेकडीवरील एआरएआय संस्थेकडे जाणारा रस्ता हा माझा पहिला चढ. वेताळ टेकडी हा पुणे शहरातील सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. पहाटे त्या रस्त्यावर फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे एकटे वाटत नाही. प्रथम मी पाव रस्ताच चढले, दोनदा उतरून सायकल हाती धरली आणि परत फिरले. दोन महिन्यांनी निम्मा रस्ता जमला. पायांत बळ आले तसा मनात आगाऊपणाही आला.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बावधनच्या बाजूला एका नव्या वसाहतीमागचा रस्ता मला दिसला. ‘हे’ नकाशा पाहून म्हणाले, “तेथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत. जाऊ नकोस.” मी गेले. चढताना फार कष्ट पडले नाहीत, कारण जड झाले तेथे मी खाली उतरून चालले. उतरताना मात्र सायकलवर बसून राहिले. सिमेंटवर शेवाळ धरले होते. मी दोन्ही ब्रेक एकदम करकचून दाबले. पुढचे मला आठवते ते एवढेच, की मी डाव्या हातावर पडले होते आणि सायकल माझ्या पुढे खाली घसरत चालली होती.

मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. ज्या हाताने मी यजमानांना खुर्चीतून उठवत असे, तोच हात गळ्यात अडकवलेला. पहिल्या रात्री त्यांना पाणी हवे होते. त्यांचा हात कापत होता आणि माझा एकच चालत होता. पेला आम्हा दोघांच्या मधोमध पडला. त्या रात्री मला प्रथमच कळले, की काळजी घेणाऱ्या माणसाचे पडणे हे एका माणसाचे पडणे नसते.

मुलगी रजा काढून आली. तिने दोन आठवडे घर सांभाळले आणि जाताना म्हणाली, “आई, आता पुरे. तुला काही झाले तर बाबांचे काय?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सायकल जिन्याखाली गेली, तिच्यावर जुनी चादर आली. मी घरात राहू लागले. महिनाभरात माझा स्वभाव चिडका झाला. झोप उडाली. यजमानांचा घास हळू उतरतो म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, हे लिहितानाही मला लाज वाटते.

प्लास्टर निघाल्यावर थोड्या दिवसांनी त्यांनी नकाशा मागितला. टेबलावर पसरला. त्यांचे बोट स्थिर राहत नव्हते, म्हणून त्यांनी फूटपट्टी धरली. म्हणाले, “चढताना तू पडली नाहीस. उतरताना पडलीस. मग बंद काय करायला हवे, चढ की उतार?”

उतार हाच खरा घाट

हेच मी वाचकांना आग्रहाने सांगू इच्छिते. आपण सारे चढाला भितो. पण चढावर वेग चालण्याएवढाच असतो. जड झाले तर खाली उतरावे आणि सायकल ढकलत न्यावी. त्यात कमीपणा काही नाही, उलट लाभच आहे. सायकल चालवताना शरीराचे वजन सीटवर असते, त्यामुळे हाडांना हवा तसा ताण मिळत नाही. चढावर चालताना तो मिळतो. उतारावर मात्र वेग आपोआप वाढतो, आणि वाढत्या वयात डोळ्यांनी पाहिल्यापासून हाताने ब्रेक दाबेपर्यंतचा वेळही वाढलेला असतो.

म्हणून नवा मार्ग निवडताना प्रथम उतार पाहावा. टेकडीला दोन बाजूंनी रस्ते असतील, तर तीव्र बाजूने पायी चढावे आणि सौम्य बाजूने सायकलवर उतरावे. बहुतेक जण याच्या उलट करतात. दोन्ही बाजू तीव्र असतील, तर उतरतानाही चालावे. नवा रस्ता पहिल्यांदा सायकल न घेता पायी किंवा रिक्षाने पाहून यावा. खड्डे, गतिरोधक, वाळू, शेवाळ, आंधळे वळण आणि भटकी कुत्री कोठे आहेत, हे डोळ्यांत भरून ठेवावे. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नये. खाली उतरून सायकल मधे धरून शांतपणे चालावे.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत. दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. दोन्ही ब्रेक सारखे आणि हळुवार वापरावेत. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. मी स्वतःला एक नियम घातला आहे. ज्या वेगाने चढले, त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने उतरायचे नाही. ओल्या रस्त्यावर उतार सायकलवर बसून उतरायचाच नाही. ब्रेकची रबरे दर महिन्याला दुकानात दाखवावीत आणि हेल्मेट घातल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी ज्यांना चालू आहे, त्यांना डोक्याचा साधा मारही धोक्याचा ठरू शकतो. असा मार लागला तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांकडे जावेच.

दम आणि औषधे

चढाला सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि ‘व्यायाम करू का’ असे मोघम न विचारता ‘एवढ्या उंचीचा चढ, एवढा वेळ’ असे नेमके विचारावे. हृदयविकार, झडपांचा आजार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय चढ चढू नये.

श्रम किती होत आहेत हे नाडीवरून ओळखण्याची पद्धत आहे, परंतु रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. अशा वेळी नाडीवर विसंबून राहता येत नाही. त्याहून सोपी कसोटी बोलण्याची. चढताना तेराचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. दर आकड्याला थांबावे लागत असेल, तर श्रम जास्त होत आहेत. खाली उतरावे. छातीवर दाब, जबडा, खांदा किंवा हात यांत दुखणे, चक्कर, दरदरून घाम, छातीत धडधड यांपैकी काहीही जाणवले तर ‘वरपर्यंत जाऊन थांबू’ असे म्हणू नये. तेथेच बसावे, मदत मागावी आणि त्वरित रुग्णालय गाठावे.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढ चढू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी असेल, तर पाणी केव्हा आणि किती प्यावे हे विचारून घ्यावे. हिवाळ्यात भल्या पहाटे निघू नये. गारठ्यात रक्तदाब वाढतो. सूर्य वर येऊ द्यावा.

गुडघ्यांसाठी दोन सूचना. सीटची उंची अशी असावी, की टाच खालच्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असेल तर चढावर गुडघा दुखतो. आणि गिअरची सायकल असेल, तर पुढचे लहान आणि मागचे मोठे चक्र चढ सुरू होण्याआधीच लावावे. पेडल हलके आणि जलद फिरावे. जोर लावून रेटू नये. गिअर नसलेल्या सायकलवर चढ जड झाला, की चालणे हाच आपला गिअर.

जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीनंतरही आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल राखण्याचे व्यायाम सुचवले आहेत. सायकलस्वारांनी दुसरा भाग विसरू नये. मी रोज दात घासताना कट्ट्याला एक हात लावून एका पायावर उभी राहते. पडल्यानंतर लागलेली ही सवय आधीच लागायला हवी होती.

मागचे इंजिन

आता काळजी घेणाऱ्या मंडळींसाठी. आषाढवारीत माउलींचा रथ दिवे घाटात येतो, तेव्हा त्याला जादा बैलजोड्या लावतात. त्यामुळे रथाचा मान कमी होत नाही. घरातील ज्येष्ठांना चढासाठी विजेवर चालणारी सायकल घेऊन द्यावीशी वाटली, तर ‘मग व्यायाम कसला’ असे म्हणू नये. पेडल त्यांनाच मारावे लागते. यंत्र केवळ भार हलका करते. मात्र अशी सायकल वजनाने जड असते. ती उचलता, वळवता आणि थांबवता येते का, हे दुकानातच करून पाहावे.

आमच्या मुलीने नंतर ‘पुरे’ हा शब्द मागे घेतला. पण अटी घातल्या, आणि त्या योग्य होत्या. आम्ही तिघांनी मिळून त्या कागदावर लिहिल्या. तो कागद फ्रिजच्या दारावर लावला आहे. कोणत्या रस्त्याने जाणार हे आदल्या रात्री सांगायचे. ठरलेला रस्ता ऐनवेळी बदलायचा नाही. नवा रस्ता असेल तर सोबत कोणी तरी हवे. फोन, ओळखपत्र आणि औषधांची यादी खिशात हवी. पंचेचाळीस मिनिटे झाली, की असेन तेथून वळायचे. ठिकाण गाठण्यासाठी पुढे जायचे नाही. उशीर झाला तर मावशींनी कोणाला फोन करायचा, तेही नाव त्यावर आहे. सिंहगडाचा घाटरस्ता आमच्या यादीत नाही आणि कधी नसेल. तो चढ तरुणांचा आहे.

ज्येष्ठांना घरी बसवून आपण त्यांना सुरक्षित ठेवतो, असे आपल्याला वाटते. बसून राहिल्याने पायांतील बळ जाते आणि बळ गेले की माणूस न्हाणीघरातही पडतो. तेव्हा ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘कोठे, केव्हा आणि कोणाबरोबर’ एवढे विचारावे. आणि जो आजाऱ्याची काळजी घेतो, त्याला त्याचा तास मिळवून देणे, हीसुद्धा आजाऱ्याचीच सेवा आहे. माझ्या घरातील चिडचिड कोणत्याही औषधाने गेली नाही. ती या नव्वद मिनिटांनी गेली.

कंपवाताच्या रुग्णांसाठी एक गोष्ट नोंदवते. २०१० साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली, ज्याचे पाय चालताना जमिनीला खिळत, पण सायकल मात्र त्याला चांगली चालवता येत असे. याचा अर्थ अशा रुग्णाला रस्त्यावर सायकल द्यावी असा मुळीच नाही. परंतु आमचे फिजिओथेरपिस्ट म्हणाले, की खुर्चीत बसून चालवायचे पेडलयंत्र आणून पाहा. मी टेकडीवर असते तेव्हा ‘हे’ मावशींच्या देखरेखीखाली दहा मिनिटे पेडल मारतात. आपापल्या डॉक्टरांना विचारून इतरांनीही हा प्रयोग करण्यासारखा आहे.

तुमच्या गावातील चढ

पुण्याबाहेरच्या वाचकांनी निराश होऊ नये. ठाण्यात येऊरचा रस्ता आहे, नागपुरात सेमिनरी हिल्स आहे, पणजीत आल्तिनो आहे, साताऱ्यात यवतेश्वराचा घाट आहे. संपूर्ण घाट चढावा असे माझे म्हणणे नाही. यवतेश्वराचे पहिले वळणही पुष्कळ झाले. शंभर मीटरांचा सौम्य चढ मिळाला, तर तोच तीनदा चढावा. मार्ग नवा असलाच पाहिजे असे नाही, पण दोन-तीन महिन्यांनी एखादा नवा शोधावा. त्यासाठी नकाशा उघडावा लागतो, शेजाऱ्यांना विचारावे लागते, एक दिवस पायी जाऊन पाहावे लागते. बुद्धीलाही तेवढाच व्यायाम होतो.

गेल्या आठवड्यात मी पाषाणहून सूसच्या खिंडीकडे जाणारा रस्ता पाहून आले. शेजारची मुलगी सोबत होती. वाहने फार आहेत, म्हणून तो यादीतून काढला. घरी आले तेव्हा मावशी चप्पल घालत होत्या आणि ‘हे’ खिडकीपाशी नकाशा घेऊन बसले होते. रस्ता जमण्यासारखा नाही, असे सांगितल्यावर त्यांनी त्यावर पेन्सिलीने फुली मारली. फुली जरा वाकडीच आली. मग फूटपट्टी पुढे सरकवून म्हणाले, “हरकत नाही. याच्या दक्षिणेला रेषा विरळ आहेत. रविवारी तिकडे पाहून ये.”

येत्या पंधरवड्यात आपणही आपल्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत एक सौम्य चढ शोधावा. पहिल्या दिवशी तो केवळ पाहून यावा, दुसऱ्या दिवशी पायी चढावा, आणि उतार मनाजोगा वाटला तरच सायकल न्यावी. आपल्याला सापडलेल्या वाटा कळवाव्यात. विशेषतः त्या वाचक भगिनींनी, ज्यांच्या सासूबाईंना तासाभराहून अधिक एकटे ठेवता येत नाही. तासाभरात जाऊन येता येईल अशी वाट त्यांना सापडावी, ही माझी मनापासून इच्छा आहे.